अनुभव धागा: तुमच्या घरी गौर कशाची?

आमसूल

परवा ऑफिसात डबे उघडले आणि यंदा गौरी कधी आहेत यावरून विषय निघाला. आम्ही पाचजणी, पाचही मराठी. एकीकडे ओढ्यातले खडे येतात, एकीकडे तेरडा, एकीकडे पितळी मुखवटे. चौथी म्हणाली आमच्याकडे त्यांना गौरी म्हणतच नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. पाचवीकडे मटण असतं हे ऐकून तिसरीचा घास हातातच राहिला. म्हणून हा धागा. तुमच्याकडे गौर कशाची, कुठून येते, काय जेवते, आणि कोणामुळे काय बदललं तेही लिहा. शास्त्रात काय आहे यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

मीच सुरुवात करते. आमच्या खड्याच्या गौरी. मूळ घर कोकणातलं, घरामागे वहाळ. घरातल्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरून जायचं, सात खडे वेचायचे, ताम्हनात ठेवायचे आणि मागे वळून न बघता यायचं. चूळ का, तर बोलायचं नाही म्हणून. नऊ वर्षांची असताना मला वाटेत बेडकाने दचकवलं आणि पाणी गिळलं गेलं. घरी कोणाला सांगितलं नाही. दारात आजीने खड्यांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि हळदीकुंकवाच्या पावलांवरून आम्ही आत निघालो. आजी विचारायची, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" आम्ही ओरडायचो, "सोन्या-रुप्याच्या पावलांनी! गाई-वासरांच्या पावलांनी!" ते वर्षभर मला धाकधूक होती की गौर माझ्यामुळे रुसणार. त्या वर्षी आंबा भरपूर आला. मग मी गप्पच बसले.

आता डोंबिवलीत सोसायटीच्या बागेतले खडे आणते. माळीकाकांना आधी वाटलं मी कुंडीत घालायला नेते.

रजेचा अर्ज

आमच्या घरी बाकी काही विशेष नाही, भाजी-भाकरी, पुरणपोळी, दहीभात, सगळ्यांसारखंच. मला लिहायचंय ते तारखांबद्दल, कारण दर वर्षी साहेब विचारतात, "तुमचे गणपती नक्की किती दिवसांचे?"

गौरी तिथीवर येत नाहीत, नक्षत्रावर येतात. भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात आला की आवाहन, ज्येष्ठात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. गणपती मात्र चतुर्थीचा. म्हणजे दोघांचं वेळापत्रक वेगळं, आणि ज्यांचा गणपती गौरींबरोबर जातो त्यांचा मुक्काम दर वर्षी कमीजास्त. 2023 साली गणपती 19 सप्टेंबरला बसले आणि गौरी 21 ला आल्या, म्हणजे सगळं पाचव्या दिवशी आटोपलं. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आणि गौरी 31 ला, म्हणजे विसर्जन थेट सातव्या दिवशी, 2 सप्टेंबरला. हे साहेबांना समजावता समजावता अर्धी रजा संपते.

सोळावी भाजी

आम्ही अमरावती जिल्ह्यातले. आमच्याकडे महालक्ष्म्याच म्हणायचं, आणि 'बसल्या' नाही, 'उभ्या राहिल्या' म्हणायचं. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळं. आत पत्र्याच्या कोठ्या, कोठीत गहू-तांदूळ, वरून नऊवारी, त्यावर पितळी मुखवटे. डोक्यावर फुलोरा टांगतात, म्हणजे करंज्या, वेणी, फणी असं तळलेलं सगळं दोऱ्याला बांधून. लहानपणी आमचं सगळं लक्ष त्या फुलोऱ्याकडे. विसर्जनानंतर उतरवेपर्यंत हात लावायचा नाही, आणि तोवर करंज्या मऊ पडलेल्या असायच्या. तरी भांडणं व्हायचीच.

पूजनाच्या दिवशी ज्वारीची आंबील, कढी, पुरणपोळी, वडे, चटण्या-कोशिंबिरी, पुरणाचे दिवे करून त्यांची आरती. आणि सोळा भाज्या एकत्र. या सोळाने आमच्या आईला आयुष्यभर छळलं. आदल्या रात्री ती पाटावर भाज्या मांडून मोजायची: भोपळा, दोडकी, गवार, पडवळ, कारलं, भेंडी, अंबाडी, चवळीच्या शेंगा... हमखास पंधरा भरायच्या. एका वर्षी रात्री साडेदहाला पंधराच निघाल्या. बाबा म्हणाले, कोथिंबीर धर. आई म्हणाली, कोथिंबीर ही भाजी नाही, कोथिंबीर ही कोथिंबीर आहे. शेवटी मला टॉर्च देऊन शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या वालाच्या शेंगा आणायला पाठवलं. विचारून आणल्या की कसं, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तेच शेजारी आमच्याकडे जेवायला होते आणि त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

सोळाच का, हे विचारलं की आई सुताकडे बोट दाखवायची. सोळा पदरांचं सूत, त्याला सोळा गाठी, हळदीत बुडवलेलं. यापलीकडे कारण कधी मिळालं नाही.

चिंबोरी

पाचव्या मैत्रिणीसारखेच आम्ही. रायगड जिल्हा, खाडीकाठचं गाव. आमची गौर तेरड्याची. डोंगरउतारावर या दिवसांत तेरडा गुलाबी फुललेला असतो. तो मुळासकट उपटून आणायचा, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. मुळं धुऊन, जुडी बांधून, साडी नेसवून, दागिने घालून मुखवटा लावायचा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मला शाळेत शिकवली गेली तेव्हा मी मनात म्हटलं, बरोबरच आहे की, तीन दिवसांनी गौर जातेच.

पहिल्या दिवशी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. आमच्याकडे चिंबोऱ्या, ज्यांना शक्य त्यांच्याकडे मटणही. गणपती शेजारीच बसलेला, म्हणून मध्ये पडदा. मी आजीला विचारलं होतं, पडद्यातून गणपतीला वास येत नाही का? आजी म्हणाली, "येतो. पण आईच्या ताटात डोकावू नये." माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं घालतात, इतका साधा हिशेब आहे. दर वर्षी कोणीतरी समाजमाध्यमावर 'देवीला हे चालतं का' विचारतंच. आमच्या देवीला नेहमीच चाललंय.

आमसूल

चिंबोरी, माझ्या डब्यातल्या तिसऱ्या मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "आईच्या ताटात डोकावू नये हे पटलं, पण मला एकदा डोकवायचंय." तुमच्या गावचा पत्ता मागतेय.

सूपभर

आमच्याकडे (रत्नागिरी जिल्हा) खरी गंमत ओवशाची. नवीन लग्न झालेली सून गौरीपुढे सुपं ओवाळते. सुपात रानातली पानं, काकडी, फळं, सुकामेवा, हळदकुंकू, वर दोरा गुंडाळलेला. मग ती सुपं सासर-माहेरच्या मोठ्यांना द्यायची आणि त्यांनी तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं, साडी, पैसे, ज्याची जशी ऐपत.

पण पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तरच. माझं लग्न 2023 च्या मे महिन्यात झालं. सासूबाईंनी कॅलेंडर उघडलं आणि म्हणाल्या, यंदा नाही. गौरी 21 सप्टेंबरला, पूर्वा सरून उत्तरा लागलेली. वर्षभर मला सगळ्या गावात 'ओवसा व्हायचाय' अशी ओळख होती, जणू काही परीक्षेचा निकाल राखून ठेवलाय. 2024 ला 10 सप्टेंबरला गौरी आल्या आणि सुटले. त्या दिवशी माझ्याबरोबर वाडीत आणखी दोघी रांगेत होत्या. एकीचं सूप वाऱ्याने उलटलं. तिच्या सासूने पडलेली काकडी उचलून पदराला पुसली आणि परत ठेवली. कोणी पाहिलं नाही असं दोघींना वाटलं.

निरी

बराच वेळ लिहू की नको करत होते.

आमच्या उभ्या गौरी, शाडूचे मुखवटे. साड्या आई नेसवायची. चौतीस वर्षं. निऱ्या अशा पडायच्या की शेजारच्या बायका मुद्दाम आदल्या रात्री बघायला यायच्या. बाबा गेले त्या वर्षी सुतक वगैरे संपलेलं होतं, म्हणजे सण करायला हरकत नव्हती. हरकत आईला होती. म्हणजे आईची नाही, आईबद्दल. घरातल्या थोरल्या बायकांनी ठरवलं की आता तिने गौरीला हात लावायचा नाही, सवाष्णीने नेसवायचं. आई काही बोलली नाही. मधल्या खोलीत वाती वळत बसली. वाती चालत होत्या.

नेसवायला मी उभी राहिले. मला स्वतःची साडी धड नेसता येत नाही. पहिल्या गौरीच्या निऱ्या सुटून कोठी उघडी पडली. दुसऱ्यांदा पिना लावल्या, तर पदर खांद्यावर राहीना. रडकुंडीला आले होते. आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "काठ आधी बरोबर कर. डावीकडची निरी आत घे. आता मूठभर धर आणि खोच, घाबरू नको, ती काही हलत नाही." असं पाऊण तास चाललं. ती आत, मी बाहेर. आई एकदाही उठली नाही. आत्या ऐकत होती, तिने काही म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मी आईला म्हटलं, मला येत नाही, तूच कर. तिने विचारलं, "आणि त्या?" मी म्हटलं, त्यांना फोन केलाय. फोन केला नव्हता. आईने नेसवली. आत्या त्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, जेवली, आणि निघताना गौरीच्या पदराला हात लावून म्हणाली, "यंदा काठ चांगला आलाय."

पंचगंगा

निरी, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्यात गौर पाणवठ्यावरून येते, बायका कळशीत रोपं घेऊन गाणी म्हणत येतात. पहिल्या दिवशी शेपूची भाजी, वडी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतात. म्हणजे बायको माहेरी आली की एका दिवसात नवरा हजर! आमची आजी म्हणायची, एक दिवस तरी निवांत राहू दे तिला. रात्री झिम्मा-फुगडी. गुडघेदुखीवाल्या सगळ्या त्या रात्री बऱ्या असतात.

धाकटी

दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा घर, शेत सगळं कागदावर उरकलं, आणि मग मुखवटे निघाले. थोरले काका म्हणाले ज्येष्ठा माझ्याकडे, कनिष्ठा तुझ्याकडे. वडील 'बरं' म्हणाले. पितळी मुखवटे, दोन पिशव्यांत घालून निघालेसुद्धा. आजी दारात आडवी उभी राहिली. "शेत तोडलंत, भांडी तोडलीत, आता बहिणींना तोडता?" तेव्हापासून दोन्ही मुखवटे एक वर्ष पुण्याला, एक वर्ष नाशिकला. ज्याच्याकडे नाहीत त्याने पंगतीत वाढायचं.

एक मात्र मला नंतर कळलं. पुराणात ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी, लक्ष्मीची थोरली बहीण, समुद्रमंथनातून तिच्या आधी निघालेली. तिला कोणी घरात घेत नाही. आणि आपण मात्र तिला आधी आणतो, आधी नेसवतो, नाव आधी घेतो. काकांना हे सांगितलं, थोरली मागून घेतलीत ती कोण माहीत आहे का म्हणून. ते म्हणाले, "थोरल्यांचं असंच असतं."

वाळू

आमच्या घरी पूजनाला कहाणी वाचतात. आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, मुलं हट्ट करतात की आपल्याकडे गौर आण. घरात काही नाही म्हणून तो तळ्यावर जीव द्यायला जातो, तिथे म्हातारी भेटते, तिला घरी आणतो. ती म्हणजेच गौर. दुसऱ्या दिवशी ती घावन-घाटलं मागते. तिसऱ्या दिवशी म्हणते मला पोचती कर, आणि जाताना वाळू देते. घरभर टाक, हंड्यांवर टाक, मडक्यांवर टाक, गोठ्यात टाक. म्हणून विसर्जनाहून येताना थोडी वाळू घरी आणायची.

आम्ही सोळाव्या मजल्यावर राहतो. विसर्जन बाल्कनीत, बादलीत. वाळू कुठली? शेजारच्या इमारतीचं काम चालू होतं, तिथून मूठभर मागून आणली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला सांगितलं, जिथे भरभराट हवी तिथे टाक. मी देवघरात दिवा लावेपर्यंत त्याने टाकून झाली होती. तांदळाच्या डब्यावर, माझ्या पर्समध्ये, वायफायच्या डब्यावर, आणि उरलेली सगळी त्याच्या गणिताच्या वहीत.

वायफाय दुरुस्त करायला माणूस बोलवावा लागला. त्याने झाकण उघडलं, वाळू पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गौरी का? आमच्याकडे फ्रीजवर टाकतात."