विषय: निळ्या पाटीच्या गल्लीतून बाहेर पडताना आधी कोणी जायचे?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी गणेशोत्सवाच्या नाटुकल्याची तालीम आटोपून मी मुलांना घेऊन गाडीने घरी निघाले होते. आपले सभागृह ज्या गल्लीत आहे तिच्या तोंडाशी घर, मोटार, मोठे माणूस आणि चेंडू खेळणारे मूल असे चित्र असलेली निळी पाटी आहे, हे आपण सर्वांनी पाहिले असेलच. बाहेर पडताना तीच पाटी तांबड्या तिरक्या रेघेसह लागते आणि तिच्यापुढे मोठा रस्ता तीन-चार गाड्यांच्या लांबीवर आहे. रेघेची पाटी मागे पडली तेव्हा गल्लीचे नियम संपले, आता येथील जर्मनीतला नेहमीचा नियम 'रेख्ट्स फोर लिंक्स', म्हणजे उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचे, असे धरून मी वळले. डावीकडून आलेल्या गृहस्थांनी करकचून ब्रेक दाबला. दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर अंतर उरले. त्यांनी काच खाली करून कपाळावर बोट आपटून दाखवले आणि ते निघून गेले. मी त्यांच्या उजवीकडून येत होते, तेव्हा चूक त्यांचीच, असे आमच्या घरी ठाम मत आहे. भारतीय परवान्याची सहा महिन्यांची मुदत संपल्यावर मी येथील लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा दिल्या आहेत, तरीही मनात शंका राहिली. जाणत्यांनी कृपया खुलासा करावा.

---

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

प्रथम, सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. मात्र घरच्यांची समजूत मला काढावी लागणार आहे, कारण थांबायचे तुम्हीच होते.

जर्मनीच्या वाहतूक नियमावलीतील कलम १० असे सांगते की निळ्या पाटीच्या भागातून, पादचारी विभागातून, एखाद्या घराच्या किंवा इमारतीच्या आवारातून, अथवा उतरत्या कडेच्या फुटपाथावरून जो रस्त्यावर येतो, त्याने इतर कोणालाही धोका होणार नाही अशाच रीतीने आले पाहिजे. उजवे-डावे हा हिशेब तेथे लागूच होत नाही. डावीकडचा, उजवीकडचा, सायकलवाला आणि फुटपाथावरून चालणारा या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचे असते. आवारातून गाडी काढताना आपण हे आपोआप करतो. निळ्या पाटीची गल्ली मात्र रस्त्यासारखी दिसते, तिला नाव असते, घरांना क्रमांक असतात, म्हणून तेथे फसगत होते.

तुमचा मुद्दा रेघेच्या पाटीचा आहे आणि तो बिनबुडाचा नाही. नेमका हाच वाद येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे गेला होता. २००७ साली त्या न्यायालयाने असे ठरवले की शेवटची पाटी तिठ्याच्या काही मीटर अलीकडे लावलेली असली तरी कलम १० सुटत नाही. साधारणपणे ३० मीटरांपर्यंत, चालक त्या भागातूनच बाहेर पडत आहे असे धरले जाते. तीन-चार गाड्यांची लांबी म्हणजे फार तर २० मीटर. तेव्हा धक्का लागला असता तर दोषाचा मोठा वाटा तुमच्या पदरी आला असता.

याच्या उलट 'ताशी ३०' ची पाटी असलेला विभाग. तेथे बहुतेक तिठ्यांवर उजवीकडच्याचाच मान असतो आणि तेथे मुलांना रस्त्यावर खेळण्याची मुभा नसते. हा विभाग १९८३ साली बुक्स्टेहूड या गावात प्रथम प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. निळी पाटी त्याहून थोडी जुनी, १९८० सालची. तिची मूळ कल्पना हॉलंडमधली. आपल्या मनात या दोन पाट्या एकमेकींत मिसळतात, कारण दोन्हीकडे 'हळू जा' एवढेच आपण वाचतो.

निळ्या पाटीच्या आत मात्र 'हळू' चा अर्थ माणसाच्या चालीने. नियमावलीत आकडा दिलेला नाही. न्यायालये ताशी ७, फार तर १० किलोमीटर धरतात. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की जी गती उरते, जवळपास तीच. आपली मंडळी तेथून ३० ने जातात आणि आपण फार सावकाश चाललो आहोत असे समजतात. पादचारी रस्त्याची पूर्ण रुंदी वापरू शकतात, मुले मधोमध खेळू शकतात, आणि गाडीवाल्याने गरज पडल्यास थांबून राहायचे असते. हॉर्न वाजवून त्यांना बाजूला सारण्याचा हक्क आपल्याला नाही. शिवाय दहा वर्षांखालच्या मुलावर मोटारीच्या अपघाताची भरपाई सहसा लादता येत नाही, म्हणून 'पोरगंच आडवं आलं' ही सबब तेथे चालत नाही.

कपाळावर बोट आपटणे हाही येथे अपमानाचा गुन्हा ठरतो. पण तक्रार करायला गेलात तर आधी तुमच्या वळणाची चौकशी होईल, तेव्हा ते सोडून द्यावे.

---

काकांना सादर प्रणाम.

खुलासा वाचून रात्री मी त्या तिठ्यापर्यंत चालत गेले आणि पावले मोजली. पाटीपासून मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत बावीस पावले भरली, म्हणजे १७ मीटरांच्या आत. चूक माझी होती, हे मी घरी सांगितले आहे.

आणखी एक बाब कार्यकारिणीच्या कानावर घालते. त्या गल्लीत आखलेल्या चौकटीबाहेर गाडी उभी करता येत नाही. माणसे किंवा सामान उतरवण्यापुरते थांबणे तेवढे चालते. तालमीला मात्र निदान पाच गाड्या कुंपणाला लागून उभ्या असतात आणि समोरच्या आजींना त्यांची चाकांची खुर्ची मधून काढावी लागते. माझी गाडीही त्यांत होती.

---

दोघांनाही नमस्कार. कार्यकारिणीच्या वतीने लिहितो आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकांनी रविवारी त्यांचा वाहनतळ वापरण्यास लेखी परवानगी दिली आहे. तबला, पेटी आणि मखराचे सामान सभागृहाच्या दाराशी उतरवावे आणि गाडी लगेच तळावर न्यावी. तेथेही काकांचाच धडा लक्षात ठेवावा: २०२२ साली त्याच न्यायालयाने असे स्पष्ट केले आहे की वाहनतळावरील मार्गिका खऱ्या रस्त्यासारख्या नसतील, तर तेथे उजवीकडच्याला आपोआप पहिला हक्क मिळत नाही, दोघांनी एकमेकांकडे पाहून, खुणेने ठरवून पुढे जायचे असते. येत्या रविवारी तालीम चार वाजता आहे. पावणेचारला मी तळावर उभा असेन.