प्रसूती रजेचा पगार एकट्या मालकाने का भरावा?

मूळ लेखन (लघुउद्योजिका)

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. दोन बाळंतपणे झालेली बाई या नात्याने मला त्याचा आनंदच झाला होता. परंतु माझ्या कारखान्यात चौदा माणसे आहेत आणि दहा माणसांपासून हा कायदा लागू होतो. ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांचे बाळंतपण राज्य कामगार विमा योजना सांभाळते. त्यावरच्यांचा भार मात्र थेट मालकावर पडतो. माझ्या हिशेबनीस बाईंचा पगार ३०,००० रुपये आहे, म्हणजे सहा महिन्यांचे १,८०,००० रुपये आणि शिवाय बदली माणसाचा पगार. मी ते दिले, पुढेही देईन. मात्र माझ्यासमोर एका व्यावसायिकाने नुकतेच लग्न झालेल्या मुलीचा अर्ज न वाचता बाजूला सारला, तेव्हा त्याच्या मनातले गणित मला कळत होते. बाईला कामावर घेणे महाग ठरवणारा कायदा शेवटी बाईच्याच मुळावर येतो. हा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (कामगार न्यायालयातील वकील)

मी असहमत आहे. खर्चाचे कारण नवे नाही. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला, तेव्हाही प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो, हाच युक्तिवाद होता. आयुर्विमा महामंडळ तर उमेदवार स्त्रियांना शेवटच्या पाळीची तारीख आणि आधीचे गर्भपात लिहून द्यायला लावत असे; ते रकाने १९९१ च्या निकालानंतर काढावे लागले. प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणे कायद्याने अवैध आहे, म्हणून आता राजीनामाच लिहून घेतला जातो. माझ्याकडे आलेल्या एका बाईने सातव्या महिन्यात ‘घरगुती अडचणीमुळे स्वेच्छेने’ अशा मजकुराखाली सही केली होती. मजकूर आधीच टंकलेला होता, तारखेची जागा तेवढी कोरी होती. अशा वातावरणात मालकाची जबाबदारी सैल करण्याची भाषा मला धोक्याची वाटते. दहा-पंधरा वर्षे चोख काम करणाऱ्या व्यक्तीच्या सहा महिन्यांच्या पगाराकडे निव्वळ तोटा म्हणून पाहणे हेही मला पटत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

मी जबाबदारी सैल करा असे म्हटलेले नाही. ती सगळ्या मालकांत वाटून घ्या, असे म्हणते आहे. विमा योजनेत मी पुरुष कामगारासाठीही पगाराच्या ३.२५ टक्के भरते आणि स्त्रीसाठीही तेवढेच भरते, त्यामुळे त्या पगारगटात बाई नेमल्याने माझा एक रुपयाही वाढत नाही. हीच रीत २१,००० च्या वर का नको? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारातही एकट्या मालकावर थेट खर्च न टाकण्याचे तत्त्व आहे आणि भारताने तो करार स्वीकारलेला नाही. केंद्राने २०१८ मध्ये सात आठवड्यांच्या पगाराची भरपाई देण्याचा विचार जाहीर केला होता, पण माझ्यापर्यंत त्यातले काहीही पोहोचले नाही.

प्रतिसाद (बीड जिल्ह्यातील कार्यकर्ता)

आपण दोघीही हजेरीपटावर नाव असलेल्या बाईविषयी बोलत आहात. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात, मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला, आणि हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावावर. एक दिवस काम चुकले की खाडा (गैरहजेरी) पडतो आणि दंड उचलीवर चढतो. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ पासून कायद्यात लिहिलेली आहे. पण गर्भ पडल्यावर तिसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढणारी बाई मी पाहिली आहे. पाळीचा त्रास म्हणजे खाडा, मग पिशवीच काढून टाकलेली बरी, या हिशेबाने तिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या बायका गावोगावी भेटतात. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया आल्या.

रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही प्रसूतीचे लाभ मिळाले पाहिजेत, असे दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे. परंतु इथे साखर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम नवऱ्याकडे. म्हणून निधीची कल्पना मला मान्य आहे, पण तो करदात्यांच्या पैशातून नको. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले, ती पद्धत मला योग्य वाटते, कारण ऊस कोणी तोडला, बाईने की बाप्याने, याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही.

वकिलांचा पुन्हा प्रतिसाद

वर्गणी बाईमागे नसून कामामागे असावी, हे मी मान्य करते. राजीनाम्यांविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे, कारण निधी पगार देईल, नोकरी वाचवणार नाही. आणि ऊसतोडीबाबत एक अडचण आधी सोडवावी लागेल. प्रसूतीच्या लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अट आहे. बाईचे नावच कुठे नसेल, तर निधीत पैसे असूनही तिचा दावा पहिल्याच टेबलावर फेटाळला जाईल. म्हणून या हंगामापासून मुकादमाच्या वहीत कोयत्याच्या दोन ओळी कराव्यात, आणि दुसऱ्या ओळीत तिचे नाव, तिचे दिवस आणि तिचा अंगठा असावा.