स्पॅनिश सब्जंक्टिव्ह: आब्लारचं आब्ले कसं होतं, आणि त्याला विध्यर्थ म्हणायचं का?

आब्लार (बोलणे) सब्जंक्टिव्हच्या (इच्छा, शंका वगैरे सांगताना क्रियापदाचं जे रूप येतं त्याच्या) वर्तमानकाळात कोणी चालवून दाखवेल का? आणि हा म्हणजे आपला विध्यर्थच ना?

– चालवायला सोपाय. 'मी'चं साधं रूप घ्यायचं, आब्लो, शेवटचा ओ काढायचा आणि स्वर उलटा लावायचा, म्हणजे शेवटी आर असलेल्या क्रियापदांना ए आणि एर-इर वाल्यांना आ. आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही लोक, ते ह्या क्रमाने). कोमेर (खाणे) घेतलं तर कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. आब्लेइस-कोमाइस हे 'तुम्ही लोक' स्पेनमधलं, लॅटिन अमेरिकेत तिथे आब्लेन-कोमानच. सुरुवात मात्र 'मी'च्या रूपापासूनच करा, मूळ क्रियापदापासून नको, कारण मग तेनेरचं (जवळ असणे) तेंगो आणि तेंगोचं तेंगा आपोआप येतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

बुस्कार (शोधणे) बघून बरेच जण घाबरतात कारण स्पेलिंगमध्ये सी जाऊन क्यू-यू येतं, पण ते फक्त क चा उच्चार टिकवायला. देवनागरीत लिहा, बुस्को, बुस्के, काही बदललेलंच दिसत नाही!

आता विध्यर्थ. 'क्येरो के आब्लेस' म्हणजे 'तू बोलावंस असं मला वाटतं', इथे अगदी फिट्ट बसतो. पण 'नो क्रेओ के आब्ले एस्पान्योल' म्हणजे 'तो स्पॅनिश बोलत असेल असं वाटत नाही', इथे आपण 'असेल' वापरतो, 'बोलावं' नाही. आणि 'कुआन्दो येगेस, आबीसामे' म्हणजे 'पोचलास की कळव', इथे तर आपण चक्क भूतकाळाचं रूप वापरतो, अजून कोणी पोचलेलं नसताना! स्पॅनिशमध्ये तिन्हीकडे तेच एक रूप. म्हणून विध्यर्थ हे नाव मला अपुरं वाटतं, 'हे घडतंच आहे असं मी म्हणत नाहीये' एवढं डोक्यात ठेवलं की जास्त उपयोग होतो.

– मग 'नो आब्लेस' (बोलू नकोस) हे पण तेच का? आम्हाला ते आज्ञार्थ म्हणून शिकवलं होतं.

– हो, रूप तेच. नकारार्थी आज्ञा सगळ्या ह्यातूनच येतात, आणि उस्तेद म्हणजे अहो-जाहो वाली होकारार्थी पण, 'आब्ले' म्हणजे 'बोला', 'कोमा' म्हणजे 'खा ना तुम्ही'. 'तू'ची होकारार्थी आज्ञा मात्र वेगळी, तिथे 'आब्ला', आणि स्पेनमधल्या 'तुम्ही लोक'ची पण, तिथे 'आब्लाद'.