आईबाबांना फ्रॉडपासून कसं वाचवायचं?

आईबाबा दोघंच राहतात, बँकेचं सगळं स्वतः बघतात, मी काही बोललं की बाबा म्हणतात आम्हाला काय कळत नाही का. काय करू?

↳ व्यवहार हातात घेऊ नका, चिडतील. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं करा, कार्ड त्यालाच, आणि मोठी रक्कम असते त्या खात्याची ऑनलाइन लिमिट एकदम कमी.

↳ लिमिट ठीक आहे हो, पण हे फ्रॉडवाले फोनवर घाई करतात आणि घरी सांगू नका म्हणतात, तिथेच ओळखायचं, फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरवर आपणच लावायचा. स्क्रीन शेअरिंगचं, म्हणजे आपल्या फोनवरचं सगळं समोरच्याला दाखवणारं, अ‍ॅप तर कुणी कितीही गोड बोललं तरी टाकायचं नाही.

↳ आता आवाजाची पण नक्कल होते, नातवाच्या आवाजात रडून पैसे मागतात. घरात एक गुप्त शब्द ठरवा, असा फोन आला की तो विचारायचा, बाबांनाच ठरवू द्या 😄