१४ एप्रिलचं दिनविशेष: जयंतीशिवाय अजून काय लिहू?

फळा_आणि_खडू:
नमस्कार मंडळी, यंदा शाळेत दिनविशेष लिहायची ड्यूटी माझ्या गळ्यात पडलीये. १४ एप्रिलला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच फळा लिहून ठेवायचा. बाबासाहेबांचा जन्म, १८९१, महू, हे सगळ्यात वर येणारच. पण सहावीतल्या एका कार्ट्याने विचारलं, "बाई, त्या दिवशी जगात बाकी काहीच नाही का झालं?" आणि खरं सांगते, मला टायटॅनिकच्या पुढे काही सुचेना. सुचवा काहीतरी.

भायखळ्याचा_पोरगा:
ताई, मुंबईचंच राहिलं की! १४ एप्रिल १९४४, गोदीतला स्फोट. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेलं, पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी, वर सोन्याच्या विटा! असं कोण भरतं हो, पण युद्धाचे दिवस, जागा मिळेल तिथे कोंबलं. दुपारी कापसाला आग लागली ती विझेना, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणून तर १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो आणि २० तारखेपर्यंत सप्ताह. हे फळ्यावर आलंच पाहिजे.

गॅलरीतून:
+१. आमचे आजोबा तेव्हा मशीद बंदरला धान्याच्या पेढीवर होते. ते सांगायचे, आधी वाटलं भूकंप, मग कुणीतरी ओरडलं जपान्यांनी बॉम्ब टाकला, आणि वरून पेटलेला कापूस पडायला लागला, पिंजलेला, हळूहळू, दिवाळीतल्या फुलबाज्यांसारखा. जिथे पडेल तिथे आग. त्यांच्या धोतराला भोक पडलेलं, आजीने ते धोतर कितीतरी वर्षं बोहारणीला दिलं नाही. सोन्याची एक वीट म्हणे लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्याने ती परत केली! आमचे आजोबा ही गोष्ट दर वेळी वेगळ्या आवाजात सांगायचे.

तारीखवाला:
जरा नडतो, माफी असावी. टायटॅनिक १४ तारखेला बुडालं असं लिहू नका. हिमनगाला धडकलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला, बुडालं १५ तारखेला पहाटे २:२० ला. लिंकनचंही तसंच, १८६५ ला गोळी १४ तारखेच्या रात्री नाटक बघताना, प्राण गेला दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळीकडे फॉरवर्डात गोंधळ घालतात.

फळा_आणि_खडू:
बाप रे, बरं झालं विचारलं, मी 'बुडाले' असंच लिहिणार होते 🙈 टायटॅनिक आणि लिंकन दोघांनाही कटाप करते, फळ्यावर जागाही नाही. वर जयंती, खाली गोदी आणि ते ६६ जवान. भायखळ्याचे भाऊ, तुमच्याकडे फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात जवानांचं स्मारक आहे ना? मुलांना घेऊन आलं तर आत सोडतात का?

भायखळ्याचा_पोरगा:
स्मारक आहे. सप्ताहात डेमो वगैरे असतात, पण आधी फोन करून या. आणि त्या कार्ट्याला पुढे बसवा, तोच जास्त प्रश्न विचारणार.