विषय: लेटेक्सची गादी – पैसे वसूल होतात का?

प्रेषक: सु. वि., एडिसन
सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. पाहुण्यांच्या खोलीत आमचीच जुनी मेमरी फोमची (दाबली की अंगाचा आकार घेणाऱ्या कृत्रिम फोमची) क्वीन मापाची गादी आहे. सहा वर्षांपूर्वी 700 डॉलरला घेतली, चौथ्या वर्षी तिला मधोमध खड्डा पडला. गेल्या खेपेला आठ दिवसांत बाबांची कंबर धरली आणि पुढचे सगळे दिवस ते जमिनीवर सतरंजी टाकून झोपले. जन्मभर कापसाच्या गादीची सवय. यंदा त्यांना खाली झोपू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

लेटेक्सच्या गाद्या बघतेय. दर 1,100 पासून 3,000 पर्यंत मिळाले आणि झाडून सगळ्यांवर ‘नॅचरल’ लिहिलेलं आहे. हिशेब केला तर जुनी गादी वर्षाला 117 डॉलरला पडली. 1,900 ची लेटेक्स 15 वर्षं टिकली तरी वर्षाला 127. मग एवढे पैसे एकदम कशासाठी घालायचे? कुणी वापरत असेल तर कृपया सांगा.

सु. वि.

----

प्रेषक: वि. ग., पार्सिपनी
मंगळवार, सकाळी 6:15

प्रिय सु.,

तुझा भागाकार बरोबर आहे, पण सहाने भागायला नको होतं. चौथ्या वर्षी खड्डा पडला, म्हणजे गादी म्हणून ती तीनच वर्षं चालली. 700 भागिले 3, वर्षाला 233 डॉलर. कंबर धरलेली वर्षं हिशेबात धरायची नाहीत. चांगल्या लेटेक्सचे पैसे द्यायचे ते याचसाठी, की ते दाबलं की पुन्हा वर येतं आणि वर्षानुवर्षं तसंच वर येत राहतं.

निवृत्त होण्याआधी मी ठाण्याला रबराच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे तो मुख्यतः केरळात निघतो. कुठल्याही फोमच्या गादीला आपण ‘डनलॉपची गादी’ म्हणायचो ना, ते नाव उगाच पडलेलं नाही. 1929 साली बर्मिंगहॅमला डनलॉपच्या प्रयोगशाळेत हा चीक घुसळून त्याचा फेस केला आणि तो घट्ट बसवून पहिला लेटेक्स फोम तयार झाला. डनलॉप पद्धत आजही मुळात तीच आहे: घुसळायचं, साच्यात ओतायचं, उष्णता देऊन पक्कं करायचं. दुसरी टॅलाले पद्धत. तिच्यात साचा अर्धवट भरून आतली हवा ओढून घेतात, फेस साचाभर फुगतो, मग तो गोठवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवटी तापवतात. ती हलकी, एकसारखी आणि महाग. डनलॉप जड आणि घट्ट. बाबांसाठी मी डोळे झाकून डनलॉप म्हणेन.

आता ‘नॅचरल’ या शब्दाबद्दल. ‘शंभर टक्के लेटेक्स’ आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक लेटेक्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबर असू शकतं. दुसऱ्यातही गंधक, झिंक ऑक्साइड, साबण थोडे असतातच, त्यांच्याशिवाय फोम होत नाही. त्याची भीती नको. दुकानदाराला सरळ विचार: रबरात कृत्रिम किती टक्के? आकडा सांगत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

शिक्क्यांचाही घोळ असतो. गोल्स हा शिक्का सेंद्रिय लेटेक्सचा, त्याला 95 टक्क्यांहून जास्त प्रमाणित सेंद्रिय कच्चा माल लागतो. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 म्हणजे मालात घातक द्रव्यं मर्यादेच्या आत आहेत. माल सेंद्रिय किंवा नैसर्गिक आहे असं तो सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी दुसरा दाखवून पहिल्याचे पैसे घेतात. शिवाय शिक्का नुसत्या खोळीचा आहे की आतल्या गाभ्याचा, तेही बघ.

आणि वजन विचार. मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच खूण. क्वीन म्हणजे 60 बाय 80 इंच. 6 इंच जाडीचा गाभा धरला तर साधारण 0.47 घनमीटर माल होतो. नैसर्गिक डनलॉपची घनता घनमीटरला 75 ते 90 किलोच्या आसपास असते, म्हणजे नुसता गाभाच 35 ते 42 किलो भरला पाहिजे, 77 ते 93 पाउंड. दहा इंची ‘लेटेक्स’ गादी पोचवताना वजन 60 पाउंड सांगितलं, तर आत दुसरंच काही भरलंय हे समज.

आणखी एक. इथे अमेरिकेत विकायच्या गादीला जुलै 2007 पासून ज्वालेची चाचणी बंधनकारक आहे. ती पार करायला आत काय घातलंय ते विचार. चांगल्या गाद्यांत लोकरीचा थर असतो.

वि. ग. काका

----

प्रेषक: मे. ज., प्रिन्सटन
मंगळवार, दुपारी 1:05

सु., काकांचं सगळं पटलं. माझा अनुभव लिहिते, कारण मी फसले होते.

पहिली ‘लेटेक्स’ गादी घेतली ती दुकानात पाच मिनिटं पडून बघून. घरी आल्यावर कडेला शिवलेली पांढरी कायदेशीर पट्टी वाचली. आतला माल वजनाच्या टक्केवारीने लिहायचा असतो तिच्यावर. निम्म्याहून जास्त पॉलियुरेथेन, म्हणजे साधा कृत्रिम फोम होता, लेटेक्स नुसतं वरच्या दोन इंचांत. परत द्यायला गेले तर नेण्याचे पैसे माझ्याच माथी. तेव्हा पट्टीचा फोटो पैसे भरायच्या आधी मागून घे आणि ‘शंभर रात्री वापरून बघा’ असेल तर परतीचा खर्च कुणाचा ते लेखी घे.

दुसऱ्यांदा चेनची खोळ आणि आत सुटे थर असलेली घेतली. आमच्याकडे ह्यांना कडक लागते आणि मला खांद्याखाली मऊ. थर खालीवर करून बघितले तेव्हा कुठे जमलं. पाच वर्षांनी एखादा थर बसला तरी तेवढाच बदलता येईल. माझ्या मते जास्तीचे पैसे मोजावेत ते यासाठी.

वॉरंटी वीस वर्षांची म्हणतात, पण किती खोल खड्डा पडला म्हणजे ते मान्य करतात तो आकडा वाच. पलंगाच्या फळ्यांत तीन इंचांहून जास्त फट असेल किंवा गादीवर डाग पडला असेल तरी नाकारतात. आल्या दिवशी वर धुता येणारी चादर घाल. आणि गादी कधीही उन्हात टाकू नकोस. आपल्याला कापसाच्या गाद्या गच्चीवर टाकायची सवय, पण उन्हाने लेटेक्स कडक होऊन त्याचा भुगा होतो. आईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या मायेने टाकतील.

घरात कुणाला रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

मे. ज. वहिनी

----

प्रेषक: सु. वि., एडिसन
पुढचा रविवार, संध्याकाळी 7:30

काका, वहिनी, मनापासून आभार. तीन दुकानं फिरले. कृत्रिम किती टक्के, हे पहिल्या दोघांना सांगता आलं नाही. तिसऱ्याने गोल्सचं प्रमाणपत्र दाखवलं, ते गाभ्याचं होतं. वजनही विचारलं: 6 इंचांचा कडक डनलॉप थर 84 पाउंड, वरचा 2 इंचांचा मध्यम थर 26. काकांच्या हिशेबात बसतंय.

व्हिडिओवर बाबांना विचारलं, कुशीवर झोपता की उताणे? म्हणाले, कुशीवर. खांद्याला थोडं मऊ हवं म्हणून वरचा थर घेतला. नाही रुचला तर काढून ठेवीन, खालचा कडक आहेच. खोळीत लोकर, चेन, सुटे थर. 1,780 डॉलर, परत दिली तर न्यायचे 150, लेखी घेतलंय. पलंगाच्या फळ्या मोजल्या तर चार इंचांची फट निघाली, म्हणून मधे चार नवीन फळ्या ठोकून घेतल्या.

एक अडचण आहे. माल शुक्रवारी येतोय, पण ते लोक फक्त दारापर्यंत आणून देतात. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि हे त्या आठवड्यात प्रवासात आहेत. शनिवारी सकाळी कुणी दोघं येऊ शकाल का? पोहे आणि चहा तयार ठेवते.

सु. वि.

----

प्रेषक: वि. ग., पार्सिपनी
रविवार, रात्री 8:10

मुलाला घेऊन दहाला येतो. मोठा थर तो आणि दुसरा कुणीतरी उचलेल. मी वजनकाटा आणतोय.

वि. ग. काका