फ्लूच्या लसीची नोंद: फाइलमधली रिकामी चौकट कशी वाचायची?

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार. मी वृद्धांच्या निवासी सेवा केंद्रात नर्स आहे. 64 निवासी, तीन मजले. दोन महिन्यांपूर्वी इन्चार्ज झाले. फ्लूचा हंगाम तोंडावर आला आहे आणि लसीची नोंदवही मला नव्याने आखायची आहे. का, ते आधी सांगते.

गेल्या हंगामात एका रात्री दुसऱ्या मजल्यावर दोघांना ताप-खोकला सुरू झाला. पहाटेपर्यंत तिसऱ्या आजीही कण्हायला लागल्या. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "या मजल्यावर यंदाची लस कोणाकोणाची झालीय?" मला सांगता आलं नाही. मी आणि मदतनीस मावशी 22 जणांच्या फायली एकेक करून उघडत बसलो. कुठे नुसतं "लस दिली", कोणती ते नाही, आणि त्याच महिन्यात न्यूमोनियाचीही लस दिलेली. कुठे तारीख होती, पण ती आधीच्या हंगामाची. सात फायलींत चौकट कोरी.

कोरी म्हणजे काय समजायचं? दिली नाही? नको म्हणाले? त्या दिवशी हॉस्पिटलात होते? की दिली आणि लिहायची राहिली? त्या तिसऱ्या आजींची चौकटही कोरीच होती. त्या बऱ्या झाल्या. पण मुलगा भेटायला आला आणि त्याने विचारलं, "आईला लस दिली होती ना?" मला त्याच्याकडे बघवेना. ते अजून मनातून जात नाही.

तीन गोष्टींत अडले आहे. बाहेर लस घेतली असं घरचे तोंडी सांगतात, कागद नसतो. ते धरायचं का? नको म्हणणाऱ्यांचं काय लिहायचं? आणि स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी आहेत. मुलीने संमतीपत्रावर सही केली, पण सुई बघून आजींनी हात मागे ओढला. मी दिली नाही. मग लिहू काय?

जुनी_नोंदवही

ताई, 19 वर्षं हेच काम केलंय, म्हणून हक्काने सांगते. आधी तो "तारीख" नावाचा एकुलता एक रकाना बदला. फ्लूची लस दरवर्षी नव्याने द्यावी लागते. विषाणू बदलतो आणि लसीचा जोरही काही महिन्यांत उतरत जातो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. खोक्यावर हंगाम छापलेला असतो, तोच उतरवून घ्या. त्याशिवाय लसीचं पूर्ण नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्सपायरी, किती मिली, कोणत्या दंडात, कोणी दिली. दंड लिहायला कंटाळू नका. संध्याकाळी हात सुजला तर कोणती लस कोणत्या बाजूला दिली होती ते कळलं पाहिजे, विशेषतः त्याच दिवशी न्यूमोनियाचीही दिली असेल तेव्हा. काही सिरिंजवर सोलून काढता येणारं लेबल असतं, ते सरळ फाइलवर चिकटवायचं. बॅच नंबर हाताने उतरवताना 8 चा 3 होतो.

आणि एक चूक माझ्या हातून झालेली आहे, तुमच्याकडून होऊ नये. सकाळी घाई नको म्हणून मी आदल्या रात्रीच सगळ्या ओळी भरून सह्या करून ठेवल्या होत्या. सकाळी एका आजोबांना 102 ताप. डॉक्टर म्हणाले, आज नको. वहीत मात्र "दिली". चार दिवसांनी दुसऱ्या सिस्टरने वही बघून त्यांना वगळलं. माझ्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर तो हंगाम ते लसीशिवाय राहिले असते. तेव्हापासून सुई टोचली की तिथेच उभ्या उभ्या लिहायचं, पुढच्या खाटेकडे नंतर.

फेरीवरचा_डॉक्टर

सिस्टर, "दिली नाही" एवढी नोंद मला अपुरी वाटते. पुढे कारण हवं, आणि कारणांची सरमिसळ नको. नको म्हणाले ही एक गोष्ट, वैद्यकीय कारणाने देता येत नाही ही दुसरी, आज पुढे ढकलली ही तिसरी, साठा संपला ही चौथी. पुढे ढकलली असेल तर परत कधी बघायचं ती तारीख तिथेच टाका, नाहीतर "आज नको"चं "कधीच नाही" होऊन बसतं.

"वैद्यकीय कारण" या शिक्क्याखाली वाटेल ते लिहिलेलं मी पाहतो. फ्लूच्या लसीने पूर्वी गंभीर ॲलर्जी आली असेल तर ते खरं कारण. आधीच्या फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गिलियन-बॅरे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला असेल तर डॉक्टरांनी विचार करून ठरवायचं. पण साधी सर्दी हे कारण नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे हेही नाही; बारीक सुई वापरायची आणि दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. अंड्याची ॲलर्जी पूर्वी अडसर मानत, आता मानत नाहीत. एकदा चुकीचं कारण फाइलवर चढलं की ते वर्षानुवर्षं पुढे उतरवलं जातं, कोणी परत विचारतही नाही.

तोंडी माहितीबद्दल: बाकी बहुतेक लसींना लेखी पुरावा लागतो, पण फ्लूच्या बाबतीत निवासी किंवा घरच्यांचा शब्द धरायची अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) मुभा आहे. मात्र "घेतली होती" पुरत नाही. कोणी सांगितलं, साधारण कधी, कुठे, हे लिहा आणि पुढे "तोंडी" असा शब्द टाका. कागद मिळाला की "तोंडी" खोडून बॅच नंबर चढवा.

त्या रात्रीच्या फोनबद्दलही सांगतो. अशा केंद्रात 72 तासांत दोघे आजारी पडले आणि एकाची तपासणी फ्लूची आली, की साथ आहे असं धरून पावलं उचलावी लागतात. प्रतिबंधक ओसेल्टामिवीर (फ्लूच्या विषाणूवरची गोळी) तेव्हा लस झालेल्यांनाही देतात, कारण वयस्कांत लसीचं संरक्षण अर्धवट असू शकतं. मग यादी कशाला? ज्यांची राहिली त्यांना त्याच दिवशी लस देता यावी म्हणून. तिचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर गोळी सांभाळते, आणि टोचायच्या लसीला त्या गोळीची आडकाठी नाही. यादीशेजारी मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्टही ठेवा, गोळीचा डोस त्यावर ठरतो.

बाबांची_मुलगी

मी नर्स नाही. माझे बाबा अशाच एका केंद्रात होते. एका हंगामात त्यांना फ्लूची लस दोनदा टोचली गेली, आधी हॉस्पिटलात आणि परत आल्यावर केंद्रात. डिस्चार्जच्या कागदावर तिचा उल्लेखच नव्हता. अपाय काही झाला नाही, पण बाबा "झालीय माझी" म्हणत होते आणि विसरभोळे म्हणून त्यांचं कोणी ऐकलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. एक विनंती: निवासी हॉस्पिटलात जाताना लसीची नोंद सोबत द्या, आणि परत आले की पहिल्या दिवशी तेवढं विचारून घ्या.

जुनी_नोंदवही

हात ओढणाऱ्या आजींचं राहिलं. जे झालं तेच लिहा: "मुलीची लेखी संमती आहे. आजींनी हात मागे घेतला. दिली नाही. गुरुवारी पुन्हा." नकार म्हणून शिक्का मारू नका. वेळ बदलून बघा, ओळखीच्या मावशींना शेजारी बसवा, सिरिंजचा ट्रे त्यांच्या नजरेसमोर नको. ज्यांनी शुद्धीत नको म्हटलं त्यांचंही कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. "लसीनेच फ्लू होतो" असं कोणी म्हणालं तर टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो हे सांगता येतं. नुसतं "नकार" वाचून पुढची सिस्टर काय बोलणार?

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून नवी वही आखली आहे. प्रत्येक मजल्याचं एक पान, 64 नावं जन्मतारखांसह, कारण आमच्याकडे एकाच नावाच्या दोन आजी आहेत. चौकट कोरी ठेवायची नाही असं सगळ्या पाळ्यांना सांगितलंय. अजून काहीच झालं नसेल तर "विचारायचं आहे" लिहायचं. कर्मचाऱ्यांच्या लसीचं वेगळं पान केलं, पहिली ओळ माझी.

आणि त्या आजी. आज दुपारी वेणी घालता घालता मावशींनी त्यांना गोष्टीत गुंतवलं, आजींनी स्वतःच हात पुढे केला. डावा दंड, 0.5 मिली, 2 वाजून 40 मिनिटं. 15 मिनिटं शेजारी बसले, मग मुलीला फोन केला.